चार्जरसकट वजन

लखनौत तेलीबागच्या बाजारात दशहरी आंब्याच्या गाड्या लागल्या, की आमच्या कॉलनीत दोन गोष्टी हमखास सुरू होतात. जिन्यात संध्याकाळी सालींचा गोडसर, किंचित आंबलेला वास भरून राहतो, आणि बारावी झालेल्या मुलांचे बाप एकमेकांना थांबवून लॅपटॉपचं विचारू लागतात. परवा खालच्या मजल्यावरच्या मिश्राजींनी मला जिन्यातच गाठलं. एका हातात आंब्यांची पिशवी, दुसऱ्या हातात मोबाइल, त्यावर कसल्याशा लॅपटॉपचा फोटो.

"भाईसाहब, बेटे को गेमिंग वाला चाहिए. सत्तर हज़ार के अंदर. आप तो हर चीज़ ठोक-बजा के लेते हैं, बता दीजिए कौन सा लें."

मी त्यांना रविवारी सकाळी बोलावलं. जाता जाता त्यांनी पिशवीतले मोठे मोठे निवडून माझ्या हातावर ठेवले. "बिटिया आ रही है न? उसके लिए."

मी मान हलवली. खरं तर सईचा फोन त्याच दिवशी सकाळी येऊन गेला होता. पुण्यातच सुट्टीभराचं काम मिळालंय, या जूनमध्ये घरी येणं जमणार नाही. पण हे सगळं जिन्यात उभं राहून सांगायला जीभ उचलली नाही. आंबे घेतले आणि वर आलो. माझी पत्नी मीनल म्हणाली, "एवढे कुणी खायचे?"

सई आमची एकुलती एक मुलगी. पुण्यात अ‍ॅनिमेशन शिकते. ती गेली त्याआधीचा जून मला इतर कुठल्याही महिन्यापेक्षा जास्त आठवतो, आणि आठवतो तो सगळाच्या सगळा एका यंत्राभोवती. आम्ही तेव्हा लॅपटॉप निवडत होतो.

तोपर्यंत घरात होता तो खिडकीजवळच्या कोपऱ्यातला जुना डेस्कटॉप. सई पाचवीत असताना सुटे भाग आणून मीच जुळवला होता. त्यावर पत्रव्यवहार, वीजबिल आणि शाळेचे प्रोजेक्ट उत्तम व्हायचे. खेळ मात्र त्याला पेलत नसत. सई मग चित्राचा दर्जा कमीत कमी ठेवायची. झाडं हिरव्या ठोकळ्यांची व्हायची, पाणी निळ्या पत्र्यासारखं दिसायचं आणि माणसांना नाकच उरायचं नाही. अशा नकट्या शत्रूंशी ती वर्षानुवर्षं लढली. बाहेर लूचे गरम वारे वाहत असायचे, कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास घरभर पसरलेला असायचा, आणि ऐन लढाईत वीज जायची. इन्व्हर्टरवर आमच्याकडे पंखे आणि दिवे चालतात, कॉम्प्युटर नाही. काळ्या पडद्यासमोरून "अरे यार!" अशी किंकाळी यायची आणि स्वयंपाकघरातून मीनल म्हणायची, "बरं झालं. आता तरी जेवून घे."

बारावीचा निकाल चांगला लागला. काय हवं, असं मी विचारलं तर तिनं एका श्वासात, आमच्या मराठीला नेहमी देते तसं हिंदीत उत्तर दिलं, "लैपटॉप. जिसपे गेम चले. ढंग से चले."

ढंग से म्हणजे काय, इथून आमची शाळा सुरू झाली. मी शिष्य. ऑफिसातून आलो की चहाचा कप घेऊन त्या कोपऱ्यात दोन खुर्च्या मांडायच्या. सई गुडघा छातीशी घेऊन बसायची, माझ्या हातावर कोपर टेकवून पडद्यावर बोट ठेवायची आणि मला समजावायची. ग्राफिक्स कार्ड वेगळं पाहिजे, प्रोसेसरच्या पोटात असलेलं चालणार नाही. रॅम आठची घेऊ नये, सोळाची घ्यावी. पण आठची घेऊन रिकाम्या खाचेत नंतर आठची बसवली तर स्वस्त पडतं, फक्त ती खाच आहे ना, ते आधी पाहायचं. पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं, त्याला एक आकडा असतो. आतला पंखा किती ओरडतो, त्यालाही असतो.

"और ये सबसे ज़रूरी है बाबा. जो लिखते नहीं हैं. गरम कितना होता है."

"मग लिहीत का नाहीत?"

"क्योंकि होता है!"

आकडे मला आवडतात. आकड्यांविषयी बोलताना संकोच वाटत नाही. त्याआधीची दोन वर्षं सई क्लास, खोली आणि दार यांच्यामध्ये राहत होती. मी काही विचारलं तर "ठीक है", "हाँ", "नहीं" यांपैकी एक मिळायचं. आणि आता तीच मुलगी मला एका कार्डाचा फरक दुसऱ्या कार्डापासून सांगताना इतकी रंगायची, की पुढ्यातला चहा निवायचा. मी मुद्दाम जरा खोलातले प्रश्न काढत असे. मागच्या वर्षीचं मॉडेल घेतलं तर? पडदा थोडा फिका चालेल का? की-बोर्डखालचा दिवा खरंच लागतो का? एक लॅपटॉप जवळजवळ ठरत आला की मला त्यात काहीतरी उणं सापडायचं. निर्णयाची मला मुळीच घाई नव्हती.

माझी नोकरी एका केंद्र सरकारी संशोधन संस्थेत आहे, खरेदी विभागात. शास्त्रज्ञांना जी यंत्रं हवी असतात ती नियमानं विकत घेणं हे माझं काम. आधी यंत्र कामाचं आहे का ते पाहायचं, जे कामाचं ठरेल त्याच्याच किमतीचा लिफाफा उघडायचा, आणि त्यांत जो स्वस्त त्याला काम. घरीही मी तेच केलं. मोठा तक्ता मांडला. मीनल मागे उभी राहून तो पाहत म्हणाली, "अहो, पोरीला लॅपटॉप घ्यायचाय, वेधशाळेला दुर्बीण नाही."

तक्ता मात्र चोख होता. आणि त्यातून निघालेलं उत्तर मला स्वतःलाही अनपेक्षित होतं. लॅपटॉप घेऊच नये. तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप कितीतरी सरस मिळतो. पडदा मोठा, आत हवा खेळती, एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलायचा, दोन वर्षांनी कार्ड नवं घालायचं. स्वस्तातला गेमिंग लॅपटॉप खेळ सुरू केला की तासाभरात बॅटरी संपवतो. म्हणजे तो भिंतीला जोडूनच ठेवावा लागतो. भिंतीला बांधूनच ठेवायचा, तर तो मांडीवरचा कसला?

हे मी सईला सांगितलं. एकेक मुद्दा, आकड्यांसह. तिला एकही खोडता आला नाही.

"हमें लैपटॉप ही चाहिए," ती म्हणाली.

"पण का?"

"बस."

"बस हे कारण झालं का?"

ती उठून खोलीत गेली. मीनल ओट्यापाशी कैरी किसत होती, तिचा हात थांबला. "तिचं ऐका जरा," एवढंच म्हणाली आणि पुन्हा किसू लागली. मला वाटलं, पोरवयाचा हट्ट. मित्रमैत्रिणींकडे लॅपटॉप आहेत म्हणून हिलाही हवा. दुकानात नेऊन दोन्ही शेजारी शेजारी दाखवले की पटेल.

हजरतगंजजवळ कॉम्प्युटरच्या दुकानांची एक जुनी इमारत आहे. अरुंद जिना, दोन्ही बाजूंना खोक्यांच्या थप्प्या, आणि बाहेरच्या भट्टीतून आत शिरलं की दुकानातला एसी अंगावर बर्फासारखा कोसळतो. काउंटरवरचा माणूस चटपटीत होता. आम्हाला बसवलं, पाणी दिलं, बजेट विचारलं, कुठले खेळ खेळणार ते सईला विचारलं. तिनं नावं घेतल्यावर तो खूश झाला. "वाह, बिटिया सीरियस प्लेयर हैं." मग त्यानं तो प्रश्न विचारला, जो असले दुकानदार प्रत्येकाला विचारत असणार.

"एक बात बताइए. घर पे टिका रहेगा या बाहर जाएगा?"

"घर पे," मी म्हणालो.

"बाहर," सई म्हणाली. आम्ही दोघं एकाच वेळी बोललो होतो. ती माझ्याकडे न पाहता पुढे म्हणाली, "हॉस्टल में. पुणे."

"तो फिर अंकल, डेस्कटॉप तो भूल ही जाइए," असं म्हणत तो मागच्या फळीकडे वळलासुद्धा.

ऑफिसात माझ्याकडे जे मागणीपत्र येतं, त्यात एक रकाना असतो: उपकरण कुठे बसवणार. शास्त्रज्ञ मंडळी तो हमखास कोरा ठेवतात. मी फाइल परत पाठवतो. एकदा एक ज्येष्ठ बाई तणतणत आल्या होत्या, "जगह जानने से मशीन में क्या फ़र्क पड़ता है?" मी त्यांना शांतपणे सांगितलं होतं, मॅडम, ठिकाणानं सगळाच फरक पडतो. घरच्या तक्त्यात मी तो रकाना घातलाच नव्हता. गरजच वाटली नव्हती. खिडकीजवळचा कोपरा होता की.

काही न घेता आम्ही खाली उतरलो. स्कूटर काढण्याआधी समोरच्या गाड्यावर लिंबाची शिकंजी घेतली. सई चमच्यानं बर्फ ढवळत राहिली.

"कधी ठरलं हे?"

"परसों. लिस्ट में नाम आ गया."

"आईला माहीत आहे?"

"हाँ."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

ती थोडी हसली. रडण्याच्या अलीकडचं हसू. "आप चार्ट बना देते बाबा. एक तरफ लखनऊ का कॉलेज, एक तरफ पुणे का. फीस, दूरी, खाना, सब लिख के. और लखनऊ जीत जाता. आपके चार्ट में हमेशा घर वाला ही जीतता है."

शिकंजीवाल्यानं काळं मीठ जास्त टाकलं होतं. मी ती संपवली आणि स्कूटर काढली.

त्यानंतरचे दिवस फार तापलेले होते. दुपारी रस्ते ओस, दारांना पडदे. दोन खुर्च्या कोपऱ्यात तशाच राहिल्या, पण त्यांवर कुणी बसलं नाही. सई मागत नव्हती. मी विषय काढत नव्हतो. तिला कळून चुकलं होतं की आता हो म्हणणं म्हणजे फक्त लॅपटॉपला हो म्हणणं नव्हे, आणि मलाही. मी नाही म्हटलं असतं, तर तिनं आदळआपट केली नसती. इथल्याच एखाद्या कॉलेजात नाव घातलं असतं, संध्याकाळी घरी आली असती, "ठीक है", "हाँ", "नहीं" म्हणत जेवली असती. हे मला दिसत होतं, आणि दिसत असूनही त्यातलं "संध्याकाळी घरी आली असती" एवढंच मी मनाशी धरून ठेवत होतो.

एकदा गच्चीवर वाळवण उलटताना मीनलला म्हणालो, "एकटी कशी राहील ती तिकडे?"

"तुम्ही नाही राहिलात?"

"मी नोकरीसाठी आलो होतो."

"आणि मी?" तिनं आंब्याची साटं उलटायची थांबवली नाही. "मी तर तुमच्यासाठी आले इथं. माझा तक्ता कुणी मांडला होता?"

मी सांगलीचा. इथं आलो तेव्हा तीन वर्षं काढू आणि बदली घेऊन परत जाऊ, असा हिशोब होता. मग सईचा जन्म, मग तिची शाळा, मग फ्लॅटचे हप्ते. दर उन्हाळ्यात मी परत जाण्याचा विषय काढायचो आणि दर पावसाळ्यात तो वाहून जायचा. इथल्या माणसांनी आम्हाला काही कमी केलं नाही. तरी बाजारात कुणी मागून मराठीत बोललं की मी अजून वळून पाहतो. ज्या गाडीत बसायचं मी वीस वर्षं ठरवत होतो, त्या गाडीत माझी मुलगी अठराव्या वर्षी सहज बसणार होती. मला तिच्या जाण्याचं दुःख होतं की तिच्या जाण्याचा हेवा, हे मला अजूनही नीट वेगळं करता येत नाही. कुठल्याच तक्त्यात ते दोन रकाने मला सुटे मांडता आले नाहीत.

एका शनिवारी सकाळी मी सईच्या दारावर टकटक केली. "चल, दुकानात जाऊन येऊ."

"क्यों?"

"चल तर."

निघताना मी कपाटातून वजनकाटा घेतला. आकड्याला सामान लटकवून पाहायचा, प्रवासाच्या वेळी आम्ही वापरतो तो.

दुकानदारानं ओळखलं. दोन लॅपटॉप समोर ठेवले. एकात ग्राफिक्स कार्ड अधिक तगडं होतं आणि दुकानदार त्याची किंमतही थोडी उतरवून देत होता. दुसरा मागच्या वर्षीचा, कार्ड एक पायरी खालचं, अंगानं सडपातळ. खोक्यावर दोघांचं वजन छापलेलं होतं.

"हे चार्जरसकट आहे का?" मी विचारलं. मग हिंदीत विचारलं.

"चार्जर का तो अलग होता होगा अंकल."

"कितना?"

त्यानं दुसऱ्या काउंटरवरच्याला विचारलं. त्यालाही माहीत नव्हतं. मी पिशवीतून काटा काढला. तो आधी थक्क झाला, मग मोठ्यांदा हसला. "अंकल, लैपटॉप है, लौकी नहीं है!"

"लौकी को कोई पुणे तक कंधे पे नहीं ले जाता," मी म्हणालो.

तगड्या लॅपटॉपचा चार्जर विटेएवढा निघाला. त्याला बॅगेत घातलं, लॅपटॉप घातला, बॅग आकड्याला लटकवली. नंतर दुसरा. मग मी पहिली बॅग खांद्याला लावून इमारतीचा जिना उतरलो आणि चढून परत आलो. दुसरी घेऊन पुन्हा. हॉस्टेलची खोली तिसऱ्या मजल्यावर असेल, लिफ्ट नसेल, हे मी गृहीत धरलं होतं. दुकानातली गिऱ्हाइकं बाजूला सरून वाट देत होती. सई काउंटरला टेकून उभी होती. आधी ती लाजेनं इकडंतिकडं पाहत होती. मी दुसऱ्यांदा धापा टाकत वर आलो, तेव्हा ती सरळ माझ्याकडे पाहत होती.

"डेस्कटॉप का वज़न तो आपने कभी पूछा ही नहीं, बाबा."

"नाही."

"तो ये...?"

"हा घेऊ," मी सडपातळ लॅपटॉपवर हात ठेवला. "तो दुसरा खांदा मोडेल. यात ग्राफिक्स जरा कमी पडतील, पण चालेल ना?"

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "चलेगा. बस सबकी नाक दिखनी चाहिए."

दुकानदारानं बिल करता करता विचारलं, "तो फाइनल, अंकल? सोच लिया?"

मी म्हणालो, सोच लिया.

ती गेल्यावरची पहिली दुपार मला आठवते. वीज गेली आणि घरात कुणीच ओरडलं नाही. पंखा हळू झाला, कूलर थांबला, बाहेरून कबाडीवाल्याची हाक आली. मीनल बैठकीत येऊन नुसती उभी राहिली आणि परत आत गेली.

ठरल्याप्रमाणे या रविवारी मिश्राजी आले. मी त्यांना कार्ड, रॅम, रिकामी खाच, मागच्या वर्षीचं मॉडेल, सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, मुलगा शिकायला कुठे जाणार आहे. ते म्हणाले, "यहीं रहेगा, और कहाँ?" मग चहाचा घोट घेता घेता थांबले. "वैसे... पूछा नहीं." कप खाली ठेवून लगेच उठले. जिन्यातून त्यांची पावलं नेहमीपेक्षा हळू वाजत गेली.

दुपारी सईचा फोन आला. तिला मला काहीतरी दाखवायचं होतं. तिनं स्वतःचा पडदा माझ्या मोबाइलवर दिसेल असं काहीतरी केलं आणि मला एक डोंगर दिसला, संध्याकाळच्या उन्हात पिवळा पडलेला. त्याच्या पायवाटेवर एक मुलगी चालली होती. पाठीवर पिशवी, डोक्याला रुमाल.

"ये हम हैं," सई म्हणाली. "चलिए, घुमाते हैं."

झाडं आता झाडांसारखी होती. गवत वाऱ्यानं एका बाजूला झुकत होतं. मला फक्त एक गोष्ट चमत्कारिक वाटली. त्या मुलीचा चेहरा काही दिसेना.

"तोंड नाही का दाखवत ही?"

"नहीं बाबा, इसमें ऐसा ही होता है. कैमरा पीछे रहता है. जो खेलता है, वो पीछे-पीछे चलता है."

थोडं चढून गेल्यावर ती म्हणाली, "रुकिए, पानी भर के लाते हैं. काटिएगा मत." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पडद्यावरची मुलगी पायवाटेवर थांबली. पण अगदी स्तब्ध नाही; तिचे खांदे श्वासानं वरखाली होत होते, मध्येच ती एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होती. मी मोबाइल तसाच धरून बसलो. पलीकडून त्या खोलीचे आवाज येत होते. बादली घासल्याचा, दार आपटल्याचा. दूरवरून कुणीतरी मुलगी ओरडली, "सई, चहा टाकतेय, घेणारेस का?"

आणि सईचा आवाज आला, मोकळा, घाईतला, अस्सल पुणेरी. "अगं टाक ना! आणि आलं जास्त घाल, मागच्या वेळी नुसतं पाणी होतं ते!"

असं ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मी मीनलला हाक मारणार होतो. मारली नाही. ऊन त्या डोंगरावरून हळूहळू खाली उतरत होतं, गवताचा रंग बदलत होता, आणि ती मुलगी माझ्याकडे पाठ करून उभी होती, कुठल्याही क्षणी निघेल अशी.

खुर्ची पुन्हा सरकली. "बाबा? हैं आप?"

"आहे," मी म्हणालो. "चल तू."

ती चालू लागली.